फी माफ, तरी 1,83,000 कमी पडले: पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग प्रवेशाचा हिशोब

जुन्नर तालुक्यातलं कुटुंब. दोन एकर शेती, एक छोटा टेम्पो, घरी शिलाई मशीन. मुलगी बारावी सायन्स होऊन एमएचटी-सीईटी दिलेली, प्रवर्ग इतर मागास वर्ग, धाकटा भाऊ अकरावीत. तहसीलदारांच्या दाखल्यावर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3,10,000 रुपये. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत मुलीला पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात जागा मिळाली आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण ‘मुलींना फी माफ’ हे सगळ्यांच्या कानावर होतं. इथूनच हे प्रकरण सुरू होतं. माफ नेमकं काय, आणि केव्हा, हे कुणी विचारलेलं नव्हतं.

आधी खर्च कागदावर मांडला. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या फीमध्ये शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळं दाखवलेलं असतं. इथे शिक्षण शुल्क 1,30,000 आणि विकास शुल्क 14,000. विद्यापीठ नोंदणी, विमा, अनामत वगैरे मिळून आणखी 6,000. म्हणजे कॉलेजच्या खिडकीवर 1,50,000. राहणं धनकवडी भागात कॉट बेसिसवर (खोलीत एका खाटेपुरती जागा), महिना 5,500. दोन वेळची मेस 3,600. येणंजाणं आणि किरकोळ 1,000. ऑगस्ट ते मे असे दहा महिने धरले तर 1,01,000, वर पुस्तकं आणि ड्रॉइंगचं सामान 6,000. एकदाच होणारे खर्च दोन: खोलीचं डिपॉझिट 11,000 आणि लॅपटॉप 45,000. पहिल्या वर्षाची बेरीज 3,13,000. दाखल्यावरच्या वर्षाच्या उत्पन्नापेक्षा तीन हजार जास्तच.

आता माफी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, 2024-25 पासून, व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास वर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची 100 टक्के सवलत आहे. मुलांना याच प्रवर्गात 50 टक्के मिळते. विकास शुल्क यात येत नाही. राहणं, जेवण, लॅपटॉप तर नाहीच. या मुलीच्या बाबतीत 1,30,000 वजा झाले आणि 1,83,000 उरले. हाच अकरावीतला भाऊ असता तर 65,000 वजा होऊन 2,48,000 उरले असते.

ही बेरीज प्रवेश निश्चित करण्याआधी करायला हवी, कारण एक निर्णय त्यावर अवलंबून असतो. दुसरी फेरी झाल्यावर या कुटुंबाला एका ओळखीच्या माणसाकडून निरोप आला की अधिक नावाजलेल्या कॉलेजात संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागेवर कॉम्प्युटर मिळेल. फी तिथेही साधारण तेवढीच, असं सांगण्यात आलं. फी तेवढीच असेलही, पण संस्था स्तरावरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत लागू नाही. चार वर्षांचे 1,30,000 गुणिले 4, म्हणजे 5,20,000 रुपये त्या एका ‘अपग्रेड’मध्ये गेले असते. पुण्यात खासगी आणि अभिमत विद्यापीठं बरीच आहेत आणि त्यांचे फलक मोठे असतात. त्यांच्याकडचे प्रवेशही या सवलतीत बसत नाहीत. कुटुंबाने कॅपची जागा सोडली नाही. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा पैशाचा निर्णय हाच होता, शिष्यवृत्तीचा कुठलाही अर्ज नव्हे.

पर्याय भरताना तिने काही टीएफडब्ल्यूएसचे (ट्यूशन फी वेव्हर स्कीम, शिक्षण शुल्क माफीच्या जागा) कोड वर टाकले होते. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) या योजनेत 5 टक्के जादा जागा असतात, उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, आणि चॉईस कोडच्या शेवटी ‘टी’ असतो. तिथे शिक्षण शुल्क आकारलंच जात नाही, प्रतिपूर्तीची वाट पाहावी लागत नाही. कटऑफ मात्र चढा लागतो. तिला मिळालं नाही. कोड टाकण्यात नुकसान काहीच नव्हतं. मुलांच्या बाबतीत तर हे कोड गाळणं म्हणजे 50 टक्क्यांवर आधीच पाणी सोडणं.

कागद

प्रवर्गातून जागा घ्यायची तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमी लेयर असे तीन वेगळे कागद लागतात आणि ते तीन वेगळ्या टेबलांवरून येतात. वैधतेचा अर्ज हिने अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पुण्याच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडे केला होता, म्हणून ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव झाली नाही. इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात, आणि तो वडिलांकडच्या नात्यातला लागतो: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली नोंद. हे कागद शोधायला महिने जातात. बारावीच्या निकालानंतर सुरुवात करणाऱ्यांची तारांबळ उडते ती यामुळेच.

नॉन क्रीमी लेयर प्रांत कार्यालयातून, म्हणजे जुन्नरकरांसाठी मंचरहून. इथे एक घोळ नेहमी होतो. नॉन क्रीमी लेयरसाठी उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात सगळं धरतात. त्यामुळे एकाच घराचे दोन आकडे असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. फक्त शिष्यवृत्तीच्या अर्जात भरायचा तो तहसीलदारांच्या दाखल्यावरचा. दुसरी गोष्ट मुदतीची. प्रवेशासाठी नॉन क्रीमी लेयर पुढच्या 31 मार्चपर्यंत चालू असावं लागतं. हिचं त्याआधीच संपत होतं; महा ई-सेवा केंद्रातून नव्याचा अर्ज करून त्याची पावती कागदपत्र पडताळणीला चालली, पण मूळ प्रमाणपत्र मुदतीत दाखवावं लागलं. ते दाखवलं नसतं तर नाव खुल्या प्रवर्गात गेलं असतं.

राहण्याच्या खर्चासाठी पाहिलेली पहिली योजना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. वसतिगृहात जागा न मिळालेल्या इतर मागास वर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 मिळतात. उत्पन्नाची मर्यादा मात्र 2,50,000. या कुटुंबाचं 3,10,000. (अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेतही पुण्यासाठी हेच 60,000, त्यात भोजन 32,000, निवास 20,000 आणि निर्वाह 8,000, मर्यादा तीच.) साहजिकच घरात विषय निघाला, दाखला जरा कमी करून आणता येईल का. गावात असं सांगणारे भेटतातच. उत्तर स्पष्ट नाही असंच द्यावं लागतं, आणि ते केवळ नीतीपोटी नाही. टेम्पोचा परवाना, त्याचं कर्ज, सातबारा, बँकेतला शैक्षणिक कर्जाचा अर्ज, या सगळ्यांत उत्पन्न दिसतं. दोन कागदांवर दोन आकडे सापडले तर चालू असलेली 1,30,000 ची सवलतही अडकते आणि घेतलेले पैसे वसूल होतात. 60,000 साठी हा जुगार वाईट आहे.

अर्ज परत का आला

सवलतीसाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज केला तो गावच्या सायबर कॅफेतून. तीन चुका एकाच बैठकीत झाल्या.

पहिली, योजना चुकली. कॅफेवाल्याने ‘राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती’ निवडली, कारण इंजिनिअरिंगचे बहुतेक अर्ज त्याने तीतच भरलेले. इतर मागास वर्गातल्या विद्यार्थ्यांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती इतर मागास बहुजन कल्याण विभागाखाली आहे. पोर्टलवर विभाग आधी निवडायचा, मग योजना. नावं इतकी सारखी की चूक होणं नवलाचं नाही.

दुसरी, नाव. वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ने सुरू होतं, आधारवर ‘जी-वाय’ने. मराठीत एकच नाव, संगणकाला दोन माणसं. पोर्टल आधारवरून नाव उचलतं, महाविद्यालयाचा लिपिक गुणपत्रिका समोर धरून तपासतो, आणि अर्ज मागे. दुरुस्ती करायची ती आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेला धरून. उलट करायला गेलं तर बोर्डाच्या फेऱ्या मारत वर्ष निघून जातं.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडणारी: मोबाईल नंबर कॅफेवाल्याचा टाकलेला. अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवरून ‘सेंड बॅक’ झाला, संदेश त्याच्या फोनवर गेला, आणि तीन आठवडे कुणालाच पत्ता नाही. अर्ज मंजुरीच्या वाटेवर लिपिक, प्राचार्य आणि मग जिल्ह्याचं विभागीय कार्यालय असे टप्पे असतात. कुठूनही तो मागे येऊ शकतो आणि विद्यार्थ्याने दुरुस्त करून पुन्हा सादर केल्याशिवाय जागचा हलत नाही. मुदत संपेपर्यंत तसाच पडून राहिलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. या मुलीने सप्टेंबरच्या शेवटी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात सहज चौकशी केली म्हणून समजलं. युजरनेम, पासवर्ड आणि नंबर आपल्या हातात, आणि दर सोमवारी एकदा लॉगिन करून स्थिती पाहणं, एवढ्यावर निम्मे अर्ज वाचतात.

त्याआधी, प्रवेशाच्या दिवशी, खिडकीवर पूर्ण 1,50,000 मागितले होते. ‘आत्ता भरा, मंजूर झाले की परत मिळतील.’ सवलतीला पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये अशीच शासनाची भूमिका आहे. वाद घालण्यापेक्षा वडिलांनी शासन निर्णयाची प्रत आणि उत्पन्नाचा दाखला जोडून प्राचार्यांच्या नावे एक पानाचा अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का मागितला. शिक्का मारायची वेळ आली तेव्हा खिडकीवरचा आवाज बदलला. विकास शुल्क आणि इतर मिळून 20,000 वर काम झालं. सोबत हमीपत्र लिहून घेतलं की सवलत नामंजूर झाल्यास फी भरू. ते रास्त आहे. म्हणूनच वरचा परत आलेला अर्ज इतका धोक्याचा होता: हमीपत्रामागे 1,30,000 उभे होते.

काय सोडलं

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दोन योजना डोळ्यांत भरतात. केंद्रीय क्षेत्र योजना: बारावीला बोर्डात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये, उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत, पदवीला वर्षाला 12,000. ही मुलगी गुणांत आणि उत्पन्नात बसत होती. पण राज्याची शुल्क माफी किंवा प्रतिपूर्ती घेणाऱ्यांना ही योजना मिळत नाही. 12,000 साठी 1,30,000 धोक्यात घालण्यात अर्थ नव्हता. दुसरी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती: पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींना वर्षाला 50,000, उत्पन्न 8 लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. आकडा मोह पाडणारा, पण इथेही दुसरी सरकारी मदत घेण्यावर अटी आहेत. हिशोब पुन्हा तोच झाला. जिला राज्याची सवलत लागू नाही, उदाहरणार्थ संस्था स्तरावरून आलेली मुलगी, तिने मात्र प्रगतीचा अर्ज चुकवू नये. ‘मिळेल तिथे अर्ज टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. सरकारी योजनांच्या बाबतीत तो अर्धवट आहे.

खासगी न्यासांचं गणित वेगळं असतं, ते बहुधा उरलेली दरी किती एवढंच विचारतात. पुण्यात मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन 1995 पासून काम करतं. राहण्यासाठी विद्यार्थी साहाय्यक समिती 1955 पासून ग्रामीण विद्यार्थ्यांना कमी खर्चात वसतिगृह देते. निवड मुलाखतीतून होते आणि अर्ज बारावीच्या निकालापाठोपाठच करावा लागतो. या कुटुंबाला समितीचं नाव सप्टेंबरमध्ये कळलं. तोपर्यंत जागा भरलेल्या. कॉट बेसिसवरचे वर्षाचे 55,000 बऱ्याच अंशी वाचले असते. शहरातल्या एका न्यासाकडून मात्र 40,000 मंजूर झाले. त्या अर्जासोबत जोडलेला वरच्यासारखा एका पानाचा हिशोब, कोणत्या खर्चाला कोणता पैसा आणि उणे किती, मुलाखतीत समोर ठेवला होता. प्रश्न त्यावरूनच विचारले गेले.

कर्ज

उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज. गावच्या शाखेत पहिलं वाक्य ऐकू आलं, ‘घराचा उतारा आणा.’ 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पालक सहकर्जदार असले की पुरे. बँकांच्या संघटनेच्या आदर्श कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केला की त्याची नोंद राहते आणि शाखेला तोंडी वाटेला लावता येत नाही.

पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना (नोव्हेंबर 2024) ही ठरावीक दर्जेदार संस्थांच्या यादीपुरती आहे. हे महाविद्यालय त्या यादीत नव्हतं. 4.5 लाखांखालच्या उत्पन्नाला व्याज अनुदानाची केंद्राची योजना आहे, पण संस्थेच्या नॅक किंवा एनबीए या दर्जाच्या मानांकनाची आणि इतर सरकारी मदतीची अट पाहावी लागते. म्हणून अनुदान मिळणारच नाही असं धरून आकडे मांडले. दरवर्षी 60,000, चार वर्षांत 2,40,000, व्याज 10 टक्के धरलं. शिकत असताना फक्त व्याज भरत गेलं तर पहिल्या वर्षी महिना 500, मग 1,000, 1,500, 2,000, आणि शिक्षण संपल्यावरच्या सवलतीच्या वर्षात 2,000. पाच वर्षांत 84,000. त्यानंतर सात वर्षांसाठी हप्ता साधारण 3,985. व्याज भरत न गेल्यास हे 84,000 मुद्दलात चढतात. व्याज चालू ठेवणाऱ्याला काही बँका 1 टक्का सूट देतात, मुलींना बऱ्याच बँका अर्धा टक्का. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

बँकेने अडवलं ते भलत्याच ठिकाणी. मेसवाल्या मावशी महिन्याचं कार्ड देत: गुलाबी पुठ्ठा, त्यावर तारखांचे चौकोन, रोज पेनाने फुली. बँकेला छापील पावती हवी होती. खोलीमालकाकडे भाडेकराराचं नाव काढायची सोय नव्हती. अखेर मेसने पावती पुस्तक आणलं, आणि खोलीच्या भाड्याऐवजी विकास शुल्क, पुस्तकं, लॅपटॉप आणि मेस एवढ्यावर 60,000 बसवले. कर्जाच्या अर्जात कॉलेजकडून खर्चाचं पत्र घेताना निवास आणि भोजन हे शीर्ष त्यात लिहून घ्यावं, नाहीतर बँक फीच्या पावतीपलीकडे जात नाही.

ऑगस्ट ते नोव्हेंबर

मंजूर सगळं झालं, पण पैसा कधी आला ते पाहा. ऑगस्टमध्ये लागले: कॉलेजला 20,000, डिपॉझिट 11,000, पहिलं भाडं 5,500, मेस 3,600. एकूण 40,100. घरचे 20,000 आणि आईच्या बचत गटातून महिना 1 टक्क्याने 20,000. शंभर रुपये कमीच. घरून दर महिन्याला 2,500 येणार, महिन्याचा खर्च 10,100. सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून 15,200 ची खाच. ती मुलीच्या सख्ख्या मावशीच्या 15,000 हातउसन्यांनी भरली. कर्जाचा पहिला 35,000 चा हप्ता नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला, मावशीचे त्यातून परत गेले. न्यासाचे 40,000 जानेवारीत. वर्षभराचा आकडा जुळतो म्हणून ऑगस्ट जुळत नाही, आणि मुलं परत गावी जातात ती ऑगस्ट-ऑक्टोबरच्या या खाचेत.

लॅपटॉप पुढे ढकलणं हा यातला चांगला डाव होता. पहिल्या सत्रात बहुतेक सामाईक विषय असतात, प्रोग्रामिंगपुरती कॉलेजची लॅब चालते. फेब्रुवारीत वापरलेला, दुरुस्त करून विकलेला 26,000 ला घेतला, 19,000 वाचले. दरी 1,64,000 वर आली: घर 45,000, बचत गट 20,000, न्यास 40,000, कर्ज 60,000. मिळून 1,65,000.

डिसेंबरमध्ये आणखी एक अडचण. महाडीबीटीचा अर्ज दुरुस्त होऊन मंजूर झाला, पण परीक्षा शुल्काचा भाग मुलीच्या खात्यात पडेना. तिच्या आधारला जोडलेलं खातं होतं शाळेतल्या शिष्यवृत्तीसाठी आठवीत उघडलेलं, वापर नसल्याने बंद पडलेलं. पुण्यातल्या नव्या खात्यात आधार नंबर दिलेला होता, पण तो केवायसीसाठी. सरकारी पैसा एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळ) नोंदीत जी बँक आहे तिथेच जातो, त्याला आधार सीडिंग म्हणतात, आणि ते एका वेळी एकाच बँकेचं असतं. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दोन मिनिटांत दिसतं. नव्या शाखेत सीडिंगचा वेगळा फॉर्म भरला, आणि पुढच्या फेरीत पैसे जमा झाले.

दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागेल: पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि चालू उत्पन्नाचा दाखला. वर्ष वाया गेलं तर सवलत थांबते, हे तिला पहिल्या सत्राच्या परीक्षेआधीच सांगून ठेवलं आहे. विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेचा अर्ज तिने दुसऱ्या वर्षासाठी ठेवला आहे. भावाच्या आधारवर वडिलांचं नाव ‘डी-एन-वाय’ने करून घेतलं, आणि बहिणीच्या वैधता प्रमाणपत्राची प्रत जोडून त्याचाही पडताळणीचा अर्ज अकरावीतच गेला.